खेप

गल्ल्यामागे पाटी होती, फेरुच्चोच्या वडिलांनी रंगवलेली:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
कायदा त्या पाटीला विचारत नाही.
दोन वर्षं, कायदा म्हणतो, दोष विकणाऱ्याच्या माथी;
पहिल्याच वर्षात निघाला
तर तो विकतानाच आत होता असं धरून चाला,
नव्हता म्हणता? मग तुम्ही दाखवा.
मी हे रात्रीच्या वर्गात शिकले.
फेरुच्चोला ते आधीपासून पाठ होतं,
म्हणून तर पाटी काढत नव्हता.
निम्मे लोक वाचून दारातूनच फिरतात, म्हणायचा.

फेब्रुवारी होता. त्रिएस्तेत बोरा सुटला होता,
डोंगरावरून समुद्राकडे धावणारा आमचा वारा,
ज्याच्यासाठी पूर्वी चढाच्या गल्ल्यांना दोर बांधत.
निवेसबाई दार ढकलून नव्हे, दाराबरोबर आत आल्या.
काखेत टॉवेलात गुंडाळलेली वाफेची इस्त्री,
आजारी मांजर दाखवायला न्यावं तशी.
आणि एक पांढरा नॅपकिन, खानावळीचा,
मधोमध गंजाचा ओघळ.
"रोज चाळीस करते. नगावर पैसे.
ह्या एकाचे कापले त्यांनी."

पावती काढली. पावती कोरी.
गुळगुळीत कागद, शाई उडून गेलेली.
हक्क दोन वर्षांचा
आणि त्याचा पुरावा सात महिन्यांत पांढरा.
फेरुच्चो तो कागद उजेडात धरून उभा राहिला,
जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ.
मी वही चाळली. अकरा जुलै. सापडलं.
त्याने माझ्याकडे कसं पाहिलं
ते मी पाहिलं नाही.

तेवढ्यात त्या बोलल्या, कुणी विचारलं नसताना:
"एक सांगायचं राहिलं. नाताळात ही माझ्या हातून पडली होती.
फार उंचावरून नाही, खुर्चीवरून.
नंतर महिनाभर नीट चालली.
पण पडली होती."

ड्रॉवरमध्ये, बिलांच्या खाली,
वितरकाचं पत्र होतं. मीच फोडलेलं.
ह्या खेपेचे वायसर तापून मऊ पडतात,
उरलेला माल परत पाठवा, भाडं तुमचं.
भाडं आमचं, म्हणून माल फळीवरच.
ह्याआधी नऊ जणी येऊन गेल्या होत्या,
कुणाच्याच हातून काही पडलं नव्हतं.

बाईंनी खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं
आणि आम्ही दोघं
मिठाची गुळणी धरून उभे.

"पडलेली वस्तू म्हणजे, बाई, खरं तर…"
फेरुच्चोने वाक्य अर्ध्यावर सोडलं,
थोडा वेळ त्यांना त्यात उभं केलं,
मग मोठ्या मनाने म्हणाला,
"असू दे. खरं बोललात. नवी घेऊन जा."
जे त्यांचंच होतं
ते बक्षीस म्हणून दिलं,
आणि त्याच खेपेतलं.

खोकं फळीवरून मी काढलं.
तळाशी तोच आकडा, चारशे सात.
पट्टी लावताना माझा अंगठा नेमका त्यावर आला.
आला म्हणजे, मी ठेवला.

त्यांनी दोनदा आभार मानले.
एकदा त्याचे.
एकदा माझे.

वाऱ्यात टॉवेल डोक्याला बांधून त्या चढ चढून गेल्या.
नॅपकिन गल्ल्यावरच राहिला.
मी तो घरी नेला, दोनदा साबण लावला,
डाग फिकट झाला, रुंद झाला.

परतीच्या अर्जावर त्यांचा नंबर होता.
मी नोकरीचा हिशेब केला, भाड्याचा केला,
पुन्हा पहिल्यापासून केला.
नऊ वाजून गेल्यावर फोन लावला.
चौथ्या घंटीला उचलला.
"कोण?"
मी नाव सांगितलं. मागे वाफेची फुसफुस ऐकू येत होती,
अजून एकसारखी, अजून चांगली.
"एक मिनिट हं, पोरी," त्या म्हणाल्या,
"इस्त्री नीट उभी करून येते."